एलपीएनवरून आरएन: आधी क्रेडिटचं विचारा

अमेरिकेत आधी वर्षभराचा एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, नर्सिंगची पहिली पायरी), मग नोकरी सांभाळून आरएन (रजिस्टर्ड नर्स, वरची पायरी), हा तुमचा बेत ठीक आहे. फक्त शाळा निवडताना फी आणि अंतराच्या आधी क्रेडिट, म्हणजे पुढच्या कॉलेजात धरले जाणारे अभ्यासाचे युनिट, बघा. खासगी व्होकेशनल शाळा बऱ्याचदा नुसते तास मोजतात. राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता असली की एनक्लेक्स-पीएनला (एलपीएनच्या लायसन्सची परीक्षा) बसता येतं, पण पुढे कम्युनिटी कॉलेज ब्रिज कोर्सला (एलपीएनवरून आरएनला नेणारा) ते तास धरेलच असं नाही. म्हणून उलटीकडून सुरुवात करा: जिथे आरएन करायचंय त्या कॉलेजलाच ईमेलवर विचारा, अमुक शाळेचा एलपीएन चालतो का आणि किती सेमिस्टर वाचतात. बहुधा एक, फार तर दोन. फोनवरच्या होकारावर विसंबू नका.

आरएनला लागणारे अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हे विषय लॅबसकट, कॉलेजच्या दर्जाचेच घ्या. पण फार आधी उरकू नका. बरीच कॉलेजं ५-७ वर्षांपूर्वीचे विज्ञान विषय धरत नाहीत.

कॅलिफोर्नियात (तिथे एलपीएनला एलव्हीएन म्हणतात) '३० युनिट'चा पर्याय, म्हणजे एलव्हीएननंतर जास्तीत जास्त ३० युनिट करून आरएनच्या परीक्षेला बसण्याचा, भुरळ घालतो. त्यात आरएनचं लायसन्स मिळतं, पदवी नाही, आणि बहुतेक राज्यं ते लायसन्स मानत नाहीत. नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी उद्या टेक्सासला गेली तर अडकाल.