अनुभव धागा: बीजगणित आणि संख्या सिद्धांताच्या गणना मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करताना अडलात तेव्हा...

महागड्या गणिती सॉफ्टवेअरचे परवाने आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांना परवडत नाहीत. पारी/जीपी, गॅप, सिंग्युलर, सेजमॅथ मात्र कुणीही फुकट उतरवून घ्यावीत, आणि ती तोडीस तोड आहेत. पारी फ्रान्समधल्या बोर्दोचं, १९८५ पासूनचं. गॅप १९८६ मध्ये जर्मनीत आखेनला सुरू झालं. २००५ मध्ये विल्यम स्टाइन यांनी सेज आणलं आणि ही सगळी मंडळी पायथनच्या एका छताखाली आली. साधनं आहेत, पण शेजारी बसून दाखवणारं माणूस क्वचित मिळतं, म्हणून हा धागा. गणना कुठे अडली, कुणी सोडवली, कशी, ते लिहा. आज्ञांच्या याद्या नकोत. त्या माहितीपुस्तिकेत आहेत.

गिरणाकाठ

मी चाळीसगावची. जवळच्या पाटणादेवीचा, भास्कराचार्यांच्या घराण्याशी निगडित शिलालेख लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे भास्कराचार्यांचं ६१ चं उदाहरण माझ्या खास जिव्हाळ्याचं: ६१क्ष² + १ = य². सर्वांत लहान उत्तर क्ष = २२६१५३९८०, य = १७६६३१९०४९. चक्रवाळ या पायरीपायरीने पुढे जाणाऱ्या पद्धतीने त्यांनी हे हातानं काढलंय, म्हणून विद्यार्थ्यांना पारीवर दाखवायचं ठरवलं. 'क्वाडयुनिट(६१)' दिलं तर उत्तर आलं १७ + ५डब्ल्यू. एवढंसं! भास्कराचार्यांच्या नऊ-दहा आकडी संख्या गेल्या कुठे?

पारीच्या मेलिंग लिस्टवर विचारलं. उत्तर देणाऱ्यानं थेट आकडा हातात दिला नाही. "आधी नॉर्म काढून बघा," एवढंच म्हणाला. नॉर्म (अ + ब√६१ साठी अ² − ६१ब²) निघाला −१, समीकरणाला तर +१ हवा. मग उलगडत गेलं. डब्ल्यू म्हणजे √६१ नव्हे, (१+√६१)/२. त्यामुळे अपूर्णांकातली लहान युनिटंही (नॉर्म १ किंवा −१ असलेल्या संख्या) चालतात. फक्त √६१ ची पूर्णांकी रूपं हवी असतील तर ६१ ऐवजी त्याची चौपट, २४४, द्यायचं. दिलं, आणि आलं २९७१८ + ३८०५√६१. याचाही नॉर्म −१. त्याचा वर्ग केला की भास्कराचार्यांचं उत्तर अंकन् अंक समोर! त्या एका प्रश्नानं मला जे शिकवलं ते तयार उत्तरानं शिकवलं नसतं. आता वर्गात मीही आधी नॉर्मच विचारते.

सांधेजोड

यंत्रमानवाच्या हाताची समीकरणं, सहा चलं, ग्रोबनर बेसिस (तीच उत्तरं देणारी, पण सोडवायला सोपी समीकरणं) हवा होता. सेजमध्ये लेक्स (पदांचा शब्दकोशासारखा) क्रम लावून गणना सोडली की रात्रभर चालायची आणि सकाळी मेमरी संपलेली असायची. मदत करणाऱ्या बाईंनी आधी समीकरणं कमी करायला लावली: दोनच सांध्यांचा हात घ्या, तोही परिमेय संख्यांऐवजी ३२००३ या मूळ संख्येच्या मापांकात, म्हणजे तिने भागून उरणाऱ्या बाकीत. ती गणना क्षणात झाली, म्हणजे रचना ठीक होती. सहगुणकच फुगत होते. मग त्यांनी खरा मार्ग सांगितला. आधी डिग्रेव्हलेक्स (एकूण घात आधी पाहणाऱ्या) क्रमात बेसिस काढायचा, उत्तरं मोजकीच आहेत ना हे डायमेन्शन शून्य आहे का यावरून तपासायचं, आणि त्यानंतर एफजीएलएम या अल्गोरिदमनं लेक्समध्ये रूपांतर करायचं. माझं काम मार्गी लागलं ते या क्रमामुळे. मोठं मशीन घेऊन लागलं नसतं.

कातरवेळ

थोडक्यात लिहितो. पारीच्या 'बीएनएफइनिट'नं एका संख्या-फील्डचा क्लास नंबर (तिथे अवयव एकाच प्रकारे पडण्यापासून किती ढळतात याचं माप) झटकन दिला, सेजला त्याच फील्डसाठी खूप वेळ लागत होता. विचारल्यावर कळलं की पारीचं उत्तर व्यापक रीमान गृहीतक (अजून सिद्ध न झालेलं) धरून असतं, सेज मूळ सेटिंगला सिद्ध केलेलंच उत्तर देतं. प्रबंधात छापायचं असेल तर पारीत 'बीएनएफसर्टिफाय' चालवून उत्तर त्या गृहीतकाशिवाय पडताळावं. हे मला कुठल्याच व्याख्यानात ऐकायला मिळालं नव्हतं.

तिसरा तास

एमएस्सीच्या वर्गाला गॅपमध्ये (१,२)*(२,३) हा क्रमचयांचा (अंकांच्या अदलाबदलींचा) गुणाकार करून दाखवला. उत्तर (१,३,२). मुलांच्या वहीत (१,२,३). एका मुलीनं हात वर करून विचारलं, बरोबर कोण? गॅप डावीकडून उजवीकडे गुणतं, आमचं पाठ्यपुस्तक उजवीकडून डावीकडे. हे मला गॅपच्याच एका विकसकानं सांगितलं, तेही पुस्तिकेतल्या नेमक्या परिच्छेदासह. ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं तोच उत्तर देतो, हे मुलांना फार विशेष वाटलं. मलाही!

रिंगमास्तर

मी बहुधा उत्तरं देणाऱ्यांच्या बाजूला असतो. सर्वांत जास्त येणारा प्रश्न: "अवयव का पडत नाहीत?" माझा उलट प्रश्न ठरलेला: कशावर? क्ष⁴ + १ चे परिमेय संख्यांवर अवयव पडत नाहीत. ७ च्या मापांकात मात्र (क्ष² + ३क्ष + १)(क्ष² + ४क्ष + १) असे सरळ पडतात. खरं तर कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्या मापांकात ते पडतातच. म्हणून सेजमध्ये रिंग (सहगुणक कुठल्या संख्यांमधले, ते) आधी जाहीर करा, मग बहुपदी लिहा. आणि विचारताना आवृत्ती, चालणारा छोटा कोड आणि आलेला संदेश जसाच्या तसा द्या. स्क्रीनचा फोटो नको, त्यातून कोड उचलून चालवता येत नाही.

नवखी

वाचतेय, छान धागा. माझं पारी "स्टॅक ओव्हरफ्लो" म्हणून थांबतं. लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे. मग असं का?

रिंगमास्तर

@नवखी, रॅम कितीही असली तरी पारी स्टॅकसाठी, म्हणजे कामापुरत्या मेमरीसाठी, सुरुवातीला ८ एमबीच घेतं. 'पारीसाइझमॅक्स' ४ जीबी करा, म्हणजे स्टॅक लागेल तसा वाढत जाईल. तरीही थांबलं तर तुमची आज्ञा इथे टाका, बघू.