मदत हवी आहे: जोखमीच्या स्कोअरसाठी स्वस्त चिप, मोठी चिप की लो-पास सिक्वेन्सिंग?

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या आमच्या गटाला हृदयविकार आणि मधुमेहाच्या जोखमीचा पॉलिजेनिक स्कोअर (डीएनएतल्या अनेक छोट्या फरकांचे परिणाम एकत्र करून काढलेला आकडा) काढायचा आहे. निम्मे नमुने शहरातले, निम्मे सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरचे: कोकणा, वारली, महादेव कोळी. डीएनए काढून फ्रीझरमध्ये ठेवलाय. घोडं अडलंय जीनोटायपिंगपाशी, म्हणजे प्रत्येकाच्या डीएनएतले फरक वाचायचे कसे यापाशी.

इल्युमिना कंपनीची ग्लोबल स्क्रीनिंग अ‍ॅरे ही चिप स्वस्त पडते. साधारण साडेसहा लाख मार्कर (डीएनएतल्या तपासायच्या ठरावीक जागा), एका चिपवर २४ नमुने. ग्लोबल डायव्हर्सिटी अ‍ॅरेवर मार्कर १८ लाखांच्या घरात, पण चिपवर नमुने ८च. तिसरा पर्याय लो-पास होल जीनोम सिक्वेन्सिंग, एकपट खोलीचं: म्हणजे सगळा जीनोम वाचायचा, पण प्रत्येक जागा सरासरी एकदाच.

गटातल्या काहींचं म्हणणं, स्वस्त चिप घ्या आणि नमुने वाढवा. मला ते पटत नाही. चिपवर जे नाही ते इम्प्युटेशनने, म्हणजे अंदाजाने भरायचं, आणि ते संदर्भ पॅनेलच्या (आधीच पूर्ण वाचलेल्या जीनोमांच्या संचाच्या) जिवावर. १००० जीनोम्स या नेहमीच्या पॅनेलमध्ये दक्षिण आशियाई गट पाच: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. मराठी गटच नाही, तिथे वारली कुठून येणार? त्यात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत लग्नं, त्यामुळे इतरत्र दुर्मिळ असलेला फरक एखाद्या समाजात सर्रास सापडू शकतो. एमवायबीपीसी३ जनुकातलं २५ बेसचं डिलीशन घ्या. हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी त्याचा संबंध आहे, भारतात सुमारे ४ टक्के लोकांत ते आढळतं, युरोपीयांत जवळपास नाहीच. म्हणून ऑर्डर देण्याआधी मॅनिफेस्ट फाइल (चिपवरच्या मार्करांची यादी) उघडून असे फरक टिपणारे प्रोब शोधायचेच, असं मी ठरवलंय.

वेट्सचा, म्हणजे स्कोअरमध्ये कुठल्या फरकाला किती वजन द्यायचं याचा प्रश्न वेगळाच. ही वजनं जीवॉस अभ्यासांतून (जीनोमभर आजाराशी जोडलेले फरक शोधणाऱ्या अभ्यासांतून) येतात, आणि २०१९च्या हिशेबाप्रमाणे त्यांतले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यासाठी अनेक वंशांचे निकाल एकत्र वापरणारी पीआरएस-सीएसएक्स पद्धत वापरून बघणार आहे, पण मुळात जीनोटाइपच कच्चे असतील तर ती पद्धत तरी काय करणार!

लो-पासकडे माझा कल आहे. अडचण इम्प्युटेशनची, तिथेही ते लागतंच. टॉपमेड या मोठ्या पॅनेलचा इम्प्युटेशन सर्व्हर अमेरिकेत, आणि आमच्या संमतीपत्रात डेटा देशाबाहेर जाणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. पाड्यावर घरोघरी वाचून दाखवलेलं वाक्य आहे ते, मोडायचं नाही. म्हणजे ग्लिम्प्स हे लो-पासच्या इम्प्युटेशनचं सॉफ्टवेअर इथेच चालवावं लागेल.

तर, फरीदाबादच्या आयबीडीसीकडून (इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर) जीनोमइंडिया या भारतीय प्रकल्पाच्या १०,००० जीनोमांचा डेटा कुणी मिळवलाय का? पॅनेल म्हणून वापरता आला का? आणि एकाच डीएनएवर चिप आणि लो-पास दोन्ही करून, आदिवासी नमुन्यांत कमी वारंवारतेच्या फरकांचा आर-स्क्वेअर (अंदाज खऱ्याशी किती जुळतो याचं माप) कुणी तपासलाय का? शहरात चालणारा आणि पेठमध्ये चुकणारा स्कोअर मला नकोय. पाड्यावरच्यांनीही तितक्याच विश्वासाने हात पुढे केलाय.

चिपची ऑर्डर अजून थांबवून धरली आहे, अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.