आंघोळ केली तरी आईला दम लागतो, जिना तर विचारूच नका. ऑक्सिजनचं मशीन घ्यावं का?

लश्करवाला

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरला, लश्करात जनकगंजच्या बाजूला राहतो. जुना वाडा, आमचा वरचा मजला, दगडी जिना आणि पायऱ्या चांगल्या उंच. आई ६९ वर्षांची. तिला सीओपीडी निघालाय, म्हणजे फुप्फुसातल्या श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. जन्मात कधी विडी-सिगरेट नाही, पण माहेरी चूल, सासरी कोळशाची अंगीठी, डॉक्टर म्हणाले इतकी वर्षं धूर गेला त्याचंच हे. इनहेलर दोन आहेत, एक रोजचा आणि एक लागेल तेव्हा घ्यायचा निळा. बसून असली की ठीक असते, बोटावर लावायचं ऑक्सिजन मोजायचं मशीन ९३-९४ दाखवतं.

पण उठून काही करायला गेली की संपलं. आंघोळ करून आली की पलंगावर बसून हाशहुश्श, वेणी घालायला हात वर केले की दम, खाली वाकून चप्पल घातली की दम. जिना तर महिन्यातून एकदा डॉक्टरकडे जायचं म्हणून उतरते, चढताना मधल्या वळणावर बसूनच घेते. त्यात आता ठंडी सुरू झाली, सकाळी कोहरा. बायको म्हणते आईंना काहीच करू द्यायचं नाही, सगळं हातात द्यायचं. इंदूरची मावशी म्हणते ऑक्सिजनचं मशीन घेऊन टाका, तिच्या शेजारी आहे. आई दोघींवर चिडते. कुणाच्या घरी असं असेल तर रोजचं कसं सांभाळता ते सांगा. औषधांचं डॉक्टर बघतायत, ते नको.

निवांत_काका

मी स्वतः पेशंट आहे, वय ७४, अर्धं आयुष्य गिरणीत कापसाच्या धुळीत आणि वर विड्या, त्यामुळे आमची तक्रार कुणाकडे करायची सोय नाही. मीही ग्वाल्हेरचाच, शिंदे की छावणी.

आंघोळीचं आधी सांगतो कारण दिवसातलं सगळ्यात अवघड काम तेच आहे, लोकांना वाटतं जिना. आंघोळीत वाकणं, हात वर करणं, बंद खोली, वाफ, सगळं एकदम येतं. आमच्या मुलीनं पाठ टेकेल अशी प्लास्टिकची खुर्ची बाथरूममध्ये ठेवली. बादली जमिनीवर नाही, ती एका ठोकळ्यावर, मांडीच्या उंचीला, म्हणजे तांब्या भरायला वाकावं लागत नाही. तांब्या पण छोटा घेतला, मोठा भरला की हात भरून येतो. पाणी कोमट, कढत नाही, आणि खिडकी किंवा दार थोडं उघडं, वाफ कोंडली की मला तरी गुदमरतं. ठंडीत दार उघडं म्हटलं की घरचे ओरडतात, त्याला उपाय म्हणजे दुपारी ऊन आलं की आंघोळ करायची. सकाळी सहाला आंघोळ झालीच पाहिजे असं कुठं लिहिलंय? या आजारात सकाळची वेळ तशीही वाईटच असते, कफ भरलेला असतो.

आणि अंग पुसू नका!! लोक आंघोळीनं दमत नाहीत, पुसण्यानं दमतात. मोठा टर्किश टॉवेल अंगभर गुंडाळून तिथंच खुर्चीवर पाच-दहा मिनिटं बसायचं, पाणी आपोआप टिपलं जातं. आईंना पुढून बटणांचा गाऊन द्या, डोक्यावरून घालायचा नको. केस धुणं त्याच दिवशी नको, वेगळा दिवस ठेवा आणि ते दुसऱ्या कुणीतरी धुवावेत. आतून कडी लावायची नाही, हे मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

एक विचारायचं राहिलं, पाणी तापवायला अजून बंब पेटवता का? पेटवत असाल तर आधी तो बंद. धूप, उदबत्ती, मच्छरची कॉइल, हे पण.

फिजिओ_वहिनी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, छातीचे पेशंट बघते. काकांनी आंघोळीचं इतकं छान सांगितलंय की मी त्यात काही घालत नाही.

दम का लागतो ते आधी समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. सीओपीडीत हवा आत घ्यायला जेवढा त्रास नाही तेवढा बाहेर सोडायला आहे. श्वास सोडताना बारीक नळ्या लवकर मिटतात आणि हवा आतच अडकून बसते. घाईघाईनं श्वास घ्यायला लागलं की आणखी अडकते. घागर आधीच काठोकाठ भरलेली असेल तर वरून कितीही ओता, तसं होतं ते. म्हणून दम लागला की आपण सगळे पेशंटला "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे" म्हणतो ना, ते उलटं आहे, "सोड, सावकाश सोड" म्हणायला पाहिजे.

करायचं असं. खांदे सैल. नाकानं साधारण दोन आकडे मोजत श्वास घ्यायचा, फार खोल नाही, मग ओठांचा चंबू करून चार आकडे मोजत हळूहळू सोडायचा. जोर लावून फुंकायचं नाही. हे दम लागल्यावर पहिल्यांदा शिकता येत नाही, आरामात बसलेलं असताना टीव्ही बघता बघता सवय करायची.

आता यातली मुख्य गोष्ट. ज्या क्षणाला जोर लागतो त्या क्षणाला श्वास सोडायचा. वाकताना सोडायचा, खुर्चीतून उठताना सोडायचा, बादली ढकलताना, जड दार ओढताना सोडायचा. बहुतेक जण नेमके जोर लावताना श्वास रोखून धरतात, तुमच्या आईंना चप्पल घालताना बघा, रोखलेलाच असेल. चप्पल तर वाकून घालायचीच नाही, बसून पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, किंवा सरळ पाय सरकवायचा असली सपाट चप्पल आणा. वाकलं की पोट वर ढकललं जातं आणि श्वासपटलाला खाली यायला जागा राहत नाही. पोटभर जेवलं की पण हेच होतं, म्हणून थोडं थोडं चार-पाच वेळा खायचं आणि जेवल्या जेवल्या कामाला लागायचं नाही.

वेणीचं कारण वेगळं. या पेशंटचे मानेचे आणि खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला लागलेले असतात. हात डोक्यावर नेला की ते स्नायू हाताच्या कामाला जातात, श्वास उघडा पडतो. म्हणून वेणी, वरच्या फळीवरचा डबा, दोरीवर कपडे वाळत घालणं, ही कामं चालण्यापेक्षा जास्त दमवतात. टेबलापुढे बसून दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून केस विंचरू द्या, फरक लगेच दिसेल. दोरी खांद्याच्या खाली आणा किंवा स्टँड घ्या.

जिन्याला: कठड्याला हात, पायरीवर उभं राहून नाकानं श्वास घ्यायचा, सोडत सोडत एक किंवा दोन पायऱ्या चढायच्या, थांबायचं, परत. दम लागल्यावर थांबायचं नाही, लागायच्या आधी थांबायचं. मधल्या वळणावर एक स्टूल कायमचं ठेवा. आणि चढताना त्यांच्याशी बोलू नका, मागून "आलंच, आलंच" पण म्हणू नका.

तुमच्या मिसेसना एक प्रेमानं सांगते. सगळं हातात दिलं तर दम वाढेल. माणूस हलेनासा झाला की पायाचे स्नायू झडतात, झडलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो, मग आणखी हलायचं टाळतो, आणि हे चक्र फुप्फुसापेक्षा लवकर माणसाला अंथरुणाला खिळवतं. थोडा दम लागणं धोक्याचं नाही. ० ते १० मध्ये किती दम लागतोय असं त्यांना विचारायचं, ३-४ पर्यंत चालू ठेवायचं, बोलताना अख्खं वाक्य एका दमात येत नसेल तर थांबायचं. डॉक्टरांना पल्मनरी रिहॅबबद्दल, म्हणजे फुप्फुसाच्या पेशंटसाठीच्या व्यायामाच्या कार्यक्रमाबद्दल विचारा, साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा असतं, तपासून व्यायाम ठरवून देतात. दम कमी करण्यात औषधांच्या जोडीला याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

बाडा_कचोरी

भाऊ मावशी बरोबर म्हणतायत, मशीन घेऊन टाका, आमच्या कॉलनीत एकांकडे आहे दम लागला की लावतात अर्धा तास, एकदम फ्रेश. नाहीतर कापूर आणि ओवा पुरचुंडीत बांधून हुंगायला द्या, काही खर्च नाही.

फिजिओ_वहिनी

@बाडा_कचोरी राग मानू नका पण यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. दम लागणं आणि ऑक्सिजन कमी असणं एक नाही. ९४ असलेल्या माणसाला प्रचंड दम लागू शकतो आणि ८६ वाला गप्पा मारत बसलेला असू शकतो. घरचा ऑक्सिजन मुख्यतः बसलेला असतानाच सॅच्युरेशन (बोटावरच्या मशीनचा आकडा, रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८८ किंवा खाली असणाऱ्यांसाठी असतो, तेसुद्धा तब्येत स्थिर असताना रक्तातल्या गॅसची तपासणी करून, आणि मग दिवसाचे निदान १५ तास लावायचा असतो, अर्धा तास फ्रेश व्हायला नाही. काही सीओपीडीवाल्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांना मनानं जास्त ऑक्सिजन दिला तर गुंगी येऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून अशांचं सॅच्युरेशन मुद्दाम ८८ ते ९२ मध्येच ठेवतात. शिवाय मशीनजवळ देवाचा दिवा, गॅस, अंगीठी चालत नाही, आग लागते. कापरानं नाक मोकळं वाटतं, नळ्या उघडत नाहीत, आणि उग्र वासानं काहींना उलट खोकला सुटतो.

फुकटचाच उपाय हवा असेल तर पंखा. हातात धरायचा छोटा बॅटरीचा पंखा मिळतो, तो तोंडापासून वीतभर अंतरावर, गालावर आणि नाकाखाली वारा लागेल असा धरायचा. चेहऱ्यावर गार वारा लागला की मेंदूला दम कमी जाणवतो, यावर रीतसर अभ्यास झालेत. साधा पुठ्ठ्याचा पंखा पण चालेल, फक्त वारा दुसऱ्यानं घालायचा.

माहेर_बडोदा

सासूबाईंना हेच होतं म्हणून स्वयंपाकघराचं लिहिते. त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढू नका हो, आमच्याकडे काढलं होतं सगळ्यांनी मिळून, त्या खोलीत बसून नुसत्या श्वास मोजत राहायच्या. मग कामाची वाटणी केली. कणीक मी मळते कारण त्यात खांदे लागतात, त्या टेबलाशी बसून कोपरं टेकवून पोळ्या लाटतात, भाजते मी. भाजी निवडणं, मटार सोलणं, चटणीची तयारी त्यांची. फोडणी घालताना त्या बाहेर, मिरचीचा ठसका लागला तर अर्धा दिवस जातो. रोजचे डबे कमरेच्या उंचीला आणले. खालच्या कपाटात आणि वरच्या फळीवर आता फक्त पाहुण्यांची भांडी.

अजून एक, फोन. फोन वाजला की त्या धावायच्या, म्हणून आता मोबाइल गळ्यात असतो.

लश्करवाला

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कुणी सांगितलंच नव्हतं. बंब दिवाळीपासून पेटतोय, उद्यापासून गीझर. कोपरं टेकवून वेणी आज घालून बघितली, आई म्हणाली "हे आधी का नाही सांगितलंस", जसं काही मला माहीत होतं. आता एक शंका. आज जिना चढून आल्यावर बोटावर मशीन लावलं तर ८७ दाखवलं, थोड्या वेळानं ९२ वर आलं. मग ऑक्सिजनचं मशीन लागेल का?

फिजिओ_वहिनी

बोटं गार होती का? ठंडीत गार बोटावर किंवा नेलपॉलिशवर ते मशीन काहीही दाखवतं. हात चोळून गरम करून, हात स्थिर ठेवून, आकडा टिकेपर्यंत थांबून परत बघा. तरी चालल्यावर ८८ च्या खाली जात असेल तर डॉक्टरांना आकड्यांसकट सांगा, ते सहा मिनिटं चालवून बघायची टेस्ट करतात, त्यावरून ठरवतील. मेडिकल कॉलेजच्या चेस्टच्या ओपीडीत पण विचारता येईल. तोवर ऑक्सिजनचं मशीन विकत किंवा भाड्यानं आणू नका.

इनहेलर घेताना पण एकदा नीट बघा. पंप दाबला आणि औषध जिभेवर बसलं असं खूप जणांचं होतं, स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) लावला की पुष्कळ फरक पडतो. रोजच्या इनहेलरमध्ये स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची. आंघोळीच्या किंवा जिन्याच्या आधी निळा घ्यायचा का, हे डॉक्टरांनाच विचारा, काहींना ते सांगतात. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस, झाल्या नसतील तर तेही.

आणि हे फ्रिजवर चिकटवून ठेवा: बसल्या जागी दम, शब्द तोडून बोलणं, ओठ निळसर, गोंधळल्यासारखं वागणं किंवा झोपाळणं, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर श्वासाचे व्यायाम करत बसायचं नाही, १०८ ला फोन. कफ वाढला, रंग पिवळा-हिरवा झाला, पायाला सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टर.

निवांत_काका

दम लागल्यावर बसायचं कसं ते कुणी लिहिलं नाही. आडवं व्हायचं नाही. खुर्चीत पुढे झुकून कोपरं मांड्यांवर, मान सैल. टेबल असेल तर टेबलावर दोन उशा आणि त्यावर डोकं. रस्त्यात असाल तर भिंतीला पाठ टेकवून थोडं पुढे, किंवा कुणाच्या स्कूटरच्या सीटवर हात टेकून उभं राहायचं, मी बाड्यावर, आमच्या बाजारात, निम्म्या स्कूटरी अशाच ओळखतो.

लश्करवाला

हाहा काका. शेवटचं विचारतो, आईला यंदा ग्वाल्हेरच्या मेळ्यात, इथल्या जत्रेत जायचंय, दर वर्षी जायची, गेल्या वर्षी राहिलं तेव्हापासून घोकतेय. न्यावं का?

निवांत_काका

न्या की. रविवार टाळा, कोहरा उठल्यावर दुपारी न्या, उन्हं उतरायच्या आत घरी. नाकावर मफलर, गार हवेनं नळ्या आवळतात. व्हीलचेअर बरोबर घ्या पण बसा म्हणू नका, त्यांनाच ती ढकलत चालू द्या, पुढे झुकून धरायला आधार मिळतो आणि दमल्या की त्यातच बसतात. भट्ट्यांच्या धुराकडे आणि धुळीच्या बाजूला फिरकू नका. परत आल्यावर जिना आहे हे लक्षात ठेवा, म्हणजे तिथंच सगळा दम खर्च होणार नाही, खाली कुणाच्या ओट्यावर पंधरा-वीस मिनिटं बसवून मग चढवा.

फिजिओ_वहिनी

आणि निळा पंप त्यांच्या स्वेटरच्या खिशात, गाडीच्या डिकीत नको.