‘पडीक’ कोणाच्या लेखी?

‘सरकारी पडीक जमिनीवरच तर पवनचक्क्या उभारतात, गावाचं काय जातं?’ हा पवनचक्क्यांविरुद्ध रस्त्यावर उतरणाऱ्या गावकऱ्यांबद्दलच्या चर्चेत कुणीतरी मांडलेला मुद्दा मला अजिबात पटला नाही. महसुली दप्तरात पडीक म्हणजे वापरात नसलेली, असं नसतं. आंध्रातल्या अनंतपूरकडचं कल्पवल्ली बघा. तिथल्या हजारो एकर उजाड सरकारी डोंगरांवर आसपासच्या गावांनी नव्वदच्या दशकापासून राखण केली, वणवे विझवले, झाडं जगवली. गवत वाढलं, मेंढरांना चारा झाला, तलावांत पाणी येऊ लागलं. कागदोपत्री जमीन पडीकच राहिली, आणि पडीक म्हणूनच पवनचक्क्यांना दिली गेली. मोठं नुकसान केलं ते रस्त्यांनी. ती लांबलचक पाती वर न्यायला डोंगर कापून रुंद रस्ते काढले, आणि माती ओढ्यांत उतरली.

‘पर्यावरण मंजुरी घेतलीच असेल ना’ असंही कुणीतरी विचारलंय. ती लागतच नाही! कोणत्या प्रकल्पांना ही मंजुरी लागते ते सांगणाऱ्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, त्यामुळे तिच्याखाली होणारी जनसुनावणीही नाही. वनजमीन असती तर वनहक्क कायद्यामुळे ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न तरी आला असता. मग लोक रस्त्यावर आडवे झोपतात, कारण म्हणणं मांडायला दुसरी जागाच ठेवलेली नाही.