मदत हवी आहे - बाळाच्या हृदयाला छिद्र, ऑपरेशनबद्दल
नमस्कार मंडळी, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी साडेचार महिन्यांची आहे, जन्माला आली तेव्हा 2.8 किलो आणि आता जेमतेम 4.2. अंगावर प्यायला घेतली की दोन मिनिटांत दमते, सोडून देते, कपाळावर घामाचे थेंब येतात आणि बरगड्यांखाली पोट आत ओढलं जातं. आम्हाला आधी वाटलं उकाड्याने होतंय, एका डॉक्टरांनीही सर्दी म्हणून औषध दिलं आणि त्यात तीन आठवडे गेले, त्याचा खूप त्रास होतोय मनाला. शेवटी लसीकरणाला नेली तेव्हा सिस्टरनी श्वास मोजला, एका मिनिटात 68, आणि लगेच टू डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावलं. व्हीएसडी निघालं, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, 7 मिमीचं, फुफ्फुसात प्रेशर वाढलंय म्हणाले. सध्या लॅसिक्सचे (लघवीवाटे अंगातलं जादा पाणी काढणारं औषध) थेंब चालू आहेत.

डॉक्टर म्हणतात एवढं मोठं छिद्र आपोआप बुजायची वाट बघू नका, वर्षाच्या आत ऑपरेशन करा. आम्ही बीड जिल्ह्यातले, भाऊजी ऊसतोडीला जातात. आरबीएसकेमधून (मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) किंवा फुले जनआरोग्य योजनेतून कुणी केलंय का, कागदपत्रं काय लागली, नंबर किती दिवसांत लागला? खारघरच्या सत्य साई संजीवनी हॉस्पिटलमध्ये मोफत होतं असं कळलंय, तिथे कुणी बाळ नेलं असेल तर प्लीज सांगा. आणि तोवर वजन वाढवायला काय केलंत, वाटी-चमच्याने काढलेलं दूध थोडं थोडं देतोय, ते बरोबर आहे ना?