जिम्नीला २३५ चे टायर: कायद्यात बसतात का, आणि बसायला हवेत का?

वेल्हेकर
वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमचं शेत आहे. शेवटचे तीन किलोमीटर पावसाळ्यात रस्ता म्हणजे नुसता चिखल आणि मध्ये ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या. गेल्या श्रावणात आमची जिम्नी (मारुतीची छोटी फोर बाय फोर गाडी) दोनदा पोटावर टेकली आणि दोन्ही वेळा शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर बोलवावा लागला.

गाडीला कंपनीकडून १९५/८० आर १५ चे टायर येतात (१९५ मिमी रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, १५ इंची डिस्क). टायरवाल्याने २३५/७५ आर १५ चे एटी (रस्ता आणि चिखल दोन्हींसाठीचे) टायर सुचवले. "डिस्क (चाकाची रिम) १५ चीच आहे, टायरही १५ चा, बिनधास्त टाका" असं त्याचं म्हणणं. मी घरी हिशेब मांडला. जुन्या टायरची उंची ६९३ मिमी, नव्याची साधारण ७३४. म्हणजे गाडी २० मिमी वर उचलली जाईल. पोट टेकतं तिथे हे २० मिमी सोन्यासारखे आहेत.

टाकायच्या आधी आरटीओत काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "कुणी पकडलं तर पाच हजार." माझं मत सरळ आहे. फोर बाय फोर गाडी विकायला परवानगी आहे, ती चिखलात जाते म्हणून जाहिराती चालतात, आणि चिखलाला लागणारा टायर घातला की मालक गुन्हेगार. हे बदललं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

काळा_कोट_सातारा
वेल्हेकर, आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, मग बदलायचा की नाही ते बोलू.

मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं आणि उत्पादकाचा मूळ तपशील बदलता येणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. टायर, स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) आणि बुलबार (पुढचा लोखंडी दांडा) असेल तर हिशेब तीनदा होऊ शकतो.

पण त्याच कलम ५२ खाली एक स्पष्टीकरण आहे. 'बदल' म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्यामुळे त्याचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. टायर ही रचना आहे का? ४० मिमी उंचीने गाडीचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं का? वाद इथे आहे, आणि तो रस्त्याच्या कडेला हवालदारासमोर सुटत नाही.

थारवाला_जुन्नर
वकीलसाहेब, माझ्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) इंजिन आहे, चासी नंबर आहे, वजन आहे, सीट आहेत. टायरचा साइझ कुठेच नाही. जो तपशील कार्डावरच नाही, तो वेगळा कसा होईल?

आणि थारचंच बघा. २०२० च्या थारला खालच्या मॉडेलमध्ये २४५/७५ आर १६ आणि वरच्यात २५५/६५ आर १८. दोन्ही कंपनीचेच. दोघांच्या उंचीत १५ मिमीचा फरक. माझ्या भावाने १६ ची डिस्क काढून वरच्या मॉडेलची १८ ची बसवली. तीच गाडी, तोच ॲक्सल, तेच ब्रेक. तो गुन्हेगार? मी तरी मानणार नाही.

काळा_कोट_सातारा
तुमच्या भावाची बाजू मी न्यायालयात हसतमुखाने मांडेन. त्याच मॉडेलला उत्पादकाने मान्य केलेला साइझ असेल तर उत्पादकाचा तपशील मोडलाच कुठे? वेल्हेकरांची अडचण वेगळी आहे. भारतातल्या जिम्नीला वरचं मॉडेल घ्या किंवा खालचं, टायर एकच, १९५/८० आर १५. २३५ ला आधार द्यायला कंपनीचा कागद नाही. आरसीवर साइझ नसला तरी तो दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे, मालकाच्या पुस्तिकेत आहे. विम्याचा सर्व्हेअर तिथेच बघतो.

रिम_आणि_टायर
पंचवीस वर्षं टायरच्या धंद्यात आहे, म्हणून मला राहवत नाही. "डिस्क १५ ची, टायर १५ चा" हे वाक्य आमच्याच लोकांनी पसरवलंय आणि ते अर्धवट आहे. १५ हा फक्त व्यास झाला. डिस्कची रुंदी कुणी बघायची?

जिम्नीची डिस्क साडेपाच इंच रुंद आहे. २३५/७५ आर १५ या टायरला मान्य असलेली डिस्कची रुंदी सहा इंचांपासून आठ इंचांपर्यंत. म्हणजे तुमच्या डिस्कवर तो टायर बसवणं टायरच्या मापांच्या तक्त्यातच बसत नाही, कायदा दूरच राहिला. मशीनवर चढतो हो. हवा भरली की बीड (टायरची आतली कड) फट्कन बसते आणि गिऱ्हाईक खूश. पण अरुंद डिस्कवर रुंद टायर फुग्यासारखा गोलटतो. मधली नक्षी आधी झिजते, वळणावर कड आत मुडपते. आणि चिखलासाठी तुम्ही हवा १५-१६ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणलीत की डिस्कवरून सुटण्याची सगळ्यात जास्त भीती याच जोडीला. ज्या कामासाठी टायर घेताय, त्याच कामात तो दगा देणार.

२१५/७५ आर १५ साडेपाच इंची डिस्कवर नियमात बसतो. उंची ७०३ मिमीच्या आसपास, मूळ टायरपेक्षा दीड टक्का जास्त. २३५ मध्ये हीच वाढ जवळपास सहा टक्के होते. आकडा लहान वाटेल, पण बघा. मीटरवर १०० दिसतील तेव्हा गाडी १०५ च्या पुढे असेल. घाटात चढताना चाकाची ओढ पाच-साडेपाच टक्क्यांनी कमी होईल, कारण मोठं चाक म्हणजे गिअर वर सरकवल्यासारखंच. ब्रेक तेवढाच, चाक जड. मी २३५ चा एटी आणि मूळ टायर काट्यावर ठेवून पाहिलेत. चार किलोच्या आसपास फरक येतो, आणि असे पाच टायर. पाचवा मागच्या दारावर टांगलेला, त्याच्या बिजागऱ्यांचा विचार करा.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार सोसतो त्याचा आकडा, तोही बघा. मूळ टायर ९६ चा, म्हणजे एका टायरला ७१० किलो. त्याखाली कधीही जाऊ नका. आयएसआयचा शिक्का नसलेला बाहेरून आणलेला टायर कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

आणि चारच टायर बदलून स्टेपनी जुनीच ठेवणारे भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो. जिम्नी आणि थार दोन्हींत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही. फोर बाय फोर लावून उंचीने वेगळी चाकं कडक रस्त्यावर फिरवलीत तर ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) पिळवटून निघते. पाचही सारखेच हवेत.

ब्रिस्बेनचा_बाळ्या
मी मूळचा भोरचा, अकरा वर्षं क्वीन्सलँडमध्ये आहे. इथे कायदा 'नाही' म्हणत नाही, 'किती' ते सांगतो. ऑफरोड वर्गातल्या फोर बाय फोरला कंपनीने दिलेल्या सगळ्यात मोठ्या टायरपेक्षा ५० मिमीपर्यंत जास्त व्यास चालतो. साध्या मोटारीला ती मुभा १५ मिमीच. त्याशिवाय टायर त्या डिस्कच्या रुंदीला मान्य असला पाहिजे, भार आणि वेग सोसणारा हवा, स्टिअरिंग पूर्ण वळवून कुठेही घासता कामा नये. त्यापुढे जायचं तर मान्यताप्राप्त इंजिनिअरचा दाखला.

गंमत नाही, पण वेल्हेकर, तुमचा २३५ इथे व्यासात बसला असता आणि साडेपाच इंची डिस्कमुळे नापास झाला असता. मला हाच नियम आवडतो. मालकाला, पोलिसाला आणि विमेवाल्याला एकच आकडा माहीत असतो. आपल्याकडे असा आकडा का नाही, हे मला कळत नाही.

वेल्हेकर
बाळ्याभाऊ, माझ्या मनातलं बोललात. मला मोकाट परवाना नकोच. आकडा हवा.

मनीषा_कोथरूड
मी गाड्यांची हौशी नाही, स्कूटरवर रोज पौड रस्त्याने जाते. माझं मत सगळ्यांच्या विरोधात आहे, पण सांगते.

तुम्ही शेताचा चिखल सांगता, मला शहरात दिसतात त्या गाड्या शेतावर जात नाहीत. टायर मडगार्डच्या बाहेर वीतभर आलेले, पावसात त्यातून खडी आणि पाणी थेट तोंडावर. बॉनेट इतकं उंच की शेजारी उभी असलेली स्कूटर ड्रायव्हरला दिसते की नाही, शंका यावी. आकडा ठरवाल, ठीक. पण तो मोजणार कोण? आज काळी काच मोजली जात नाही, सायलेन्सर मोजला जात नाही. ५० मिमीची मुभा दिली की दुकानदार ८० चे विकेल. मला वाटतं 'कंपनीने दिलं तेच' हा नियम ढोबळ आहे, पण रस्त्यावरच्या दुबळ्या माणसाला तोच वाचवतो. तुमच्या शेताचा रस्ता नीट करून मागा ना! त्या मागणीला मी सही देईन.

थारवाला_जुन्नर
ताई, बाहेर आलेल्या टायरबद्दल तुम्ही बरोबर आहात, त्याला माझाही विरोध आहे. पण तो बहुतेक वेळा उंचीमुळे नाही, स्पेसर आणि चुकीच्या ऑफसेटच्या (चाक बाहेर ढकलणाऱ्या) डिस्कमुळे येतो. त्यासाठी शेतकऱ्याला का अडवायचं? आणि रस्ता मागून झालाय हो. आमच्या वाडीचा रस्ता दोनदा मंजूर झाला आणि दोनदा पहिल्याच पावसात ओढ्यात गेला.

महाड_गुरखा
२०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं तेव्हा मी दोन दिवस गाडीवरच होतो, म्हणून उंच गाडीचं मोल मला शिकवायला नको. पण त्या दोन दिवसांत मोठ्या टायरने काही वाचवलं नाही. पाण्यात इंजिनची हवा कुठून घेतली जाते ते महत्त्वाचं. माझ्या फोर्स गुरखा गाडीला कंपनीचाच स्नॉर्कल (इंजिनची हवा वरून घेणारी नळी) आहे आणि ७०० मिमी पाण्यात जाण्याची क्षमता कंपनीनेच सांगितलेली. टायर मोठा केल्याने हवेचं तोंड किती वर जातं? तुमचे तेच २० मिमी. त्या भरवशावर कुणी ओढ्यात गाडी घालू नये, एवढंच सांगायला आलो.

सदा_फोंडा
गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड गाड्यांची स्पर्धा होते. तिथे ३५ इंचांच्या वरचे टायर, बदललेले ॲक्सल, विंच (अडकलेली गाडी ओढणारा दोर-यंत्र), सगळं असतं. अशा कितीतरी गाड्या ट्रेलरवर येतात आणि ट्रेलरवर जातात. मी तरी हाच मार्ग मानतो. स्पर्धेची गाडी स्पर्धेत, रस्त्याची गाडी रस्त्यावर. एकाच गाडीने दोन्ही करायचं म्हटलं की तडजोड अपरिहार्य आहे, आणि ती तडजोड आपल्या पोरांना मागे बसवून करायची असते.

वेल्हेकर, हवा उतरवून पाहिलीत का? मूळ टायर १८ पीएसआयवर आणा, लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या कमी वेगाच्या, जास्त ओढीच्या गिअरमध्ये) दुसऱ्या गिअरवर, ॲक्सिलरेटर न पंप करता. टायर लांबट होऊन जमीन धरतो. दहापैकी सात जण टायर बदलायच्या आधी हे करून बघतच नाहीत.

वेल्हेकर
नाही केलं, खरं सांगतो. दोन्ही वेळा ३० च्या वर हवा होती.

पण सदाभाऊ, चाकोरीत पोट टेकतं तिथे हवा उतरवून गाडी खालीच येणार ना?

सदा_फोंडा
येणार, काही मिलीमीटर. म्हणून चाकोरीत चाक घालायचं नाही, चाकोरीच्या कडांवर ठेवायचं. आणि एक फावडं ठेवा. मधला उंचवटा दहा मिनिटांत उतरतो.

काळा_कोट_सातारा
२१५ बद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून सांगतो. तांत्रिकदृष्ट्या तो नियमात बसतो असं रिमवाले दादा म्हणतात, ते मी मान्य करतो. कायद्याने त्याला लेखी संरक्षण आहे असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे असंच एक प्रकरण आलं होतं. टायर फक्त एक साइझ मोठा, अपघात मागून दुसऱ्याने ठोकल्याचा, तरी सर्व्हेअरने 'मूळ मापाचे टायर नाहीत' लिहिलं आणि विम्याचा दावा चार महिने अडकला. शेवटी मिळाला, पण पत्रव्यवहाराची फाईल दोन इंच जाड झाली. बसवणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि पोच घ्या.

वेल्हेकर
२३५ चा विचार सोडला. साडेपाच इंची डिस्कचं गणित कळल्यावर तो टायर मुलांना बसवून चालवायची माझी तयारी नाही. १९५ मध्येच एटी मिळतो का ते रिमवाले दादांना फोन करून विचारतो, नाहीतर २१५, आणि विमेवाल्यांना आधी पत्र.

आकड्याची मागणी मात्र सोडत नाही. परिवहन मंत्रालय नियमांचे मसुदे काढून हरकती-सूचना मागवतं, तेव्हा मी लिहिणार आहे: डिस्कची रुंदी, लोड इंडेक्स, व्यासाची मर्यादा आणि टायर मडगार्डच्या आत. शेवटचा मुद्दा मनीषाताईंचा. ताई, त्या पत्रावर सही कराल का?

मनीषा_कोथरूड
मसुदा आधी वाचायला पाठवा. मोजणी कोण करणार हे त्यात नसेल तर नाही करणार.