बोटीत पाण्याचं वजन घालून लाट मोठी करायची आहे, बजेट १५ हजार

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. आम्ही तिघा मित्रांनी मुंबईहून एक जुनी १९ फुटी बोट उचलली. मूळची वॉटर स्कीइंगची, इंजिन मधोमध, पंखा तळाखाली. परवानगीचे कागद फिरतायत, तोवर ती नाशिकला गंगापूर रोडवर माझ्या शेडमध्ये ट्रेलरवर उभी आहे आणि बायको तिच्यावर गोधड्या वाळत घालते.

वेकसर्फिंग करायचंय. म्हणजे बोटीमागच्या लाटेवर फळी घेऊन उभं राहायचं आणि दोरी सोडून द्यायची. रिकाम्या बोटीची लाट अगदीच किरकोळ उठते, म्हणून बोट जड करायची. परदेशी पिशव्या आणि पंपांचा सेट बघितला, किंमत वाचली आणि मोबाईल खाली ठेवला.

माझा बेत असा: शेततळ्यात अंथरायचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद उरलाय, त्याच्या ३००-३०० लिटरच्या दोन पिशव्या करायच्या. नाहीच जमलं तर वाळूची पोती. बागेच्या फवारणीचा १२ व्होल्टचा पंप घरात आहेच. कुठे चुकतोय?

पिंपळगावचा पंपवाला
दादा, फवारणीचा पंप विसरा. तो प्रेशरचा, मिनिटाला चार-पाच लिटर देतो. ६०० लिटर भरायला दोन तास लागतील, तोवर घरून फोन येईल.

पाण्यात बुडवायचा १२ व्होल्टचा सेंट्रिफ्युगल (फिरत्या चक्राने पाणी ढकलणारा) पंप घ्या, ताशी ११०० गॅलनचा. म्हणजे ४१६० लिटर, पण हा खोक्यावरचा आकडा. पाईप आणि चढ धरला की निम्मा समजा. तरी ३०० लिटर नऊ मिनिटांत. घेताना पाणी ओढायच्या तोंडालाही आटे असलेला बघा, म्हणजे भरताना तो पाण्यात लटकवायचा आणि उपसताना पिशवीला जोडायचा. एकाच पंपात भागतं. उपसताना पंप पिशवीच्या खालच्या अंगाला हवा, हा स्वतःहून पाणी वर ओढत नाही.

बागेची साधी नळी चपटी होते. आत कडक वेटोळं असलेला हिरवा सक्शन पाईप घ्या, दोन्ही टोकांना क्लिपा. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपाशीच, स्विचजवळ नाही. वायर मध्येच कुठे सोलली तर स्विचजवळचा फ्यूज नुसता बघत बसतो.

शेततळ्याचा कागद नको. त्याला कुठलंच सोल्युशन धरत नाही आणि घडीवर तो चिरतो. ट्रकची पीव्हीसी ताडपत्री गरम हवेने जोडून देणारे आग्रा रोडला मिळतील. माप द्या, पिशवी करून देतील. बाहेरून गॅसच्या शेगडीचं कव्हर वाटेल, पण टिकेल.

देवळालीचा काका
जहाजावर इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, म्हणून जरा कडक बोलतो.

पंपाचं नंतर. आधी बोटीवरची वजनाची पाटी वाच. त्या आकड्यात माणसं, सामान आणि तुझं पाणी, सगळं धरायचं. ६०० लिटर म्हणजे ६०० किलो. १९ फुटी बोटीत एवढं पाणी आणि वर तीन बापे?

वाळूचं नाव काढू नकोस. बोटीत पाणी शिरलं तर पाण्याची पिशवी पाण्यात वजन करत नाही. वाळू मात्र बोटीला सोबत घेऊन तळाला जाते.

पिशवी गच्च भर, नाहीतर पूर्ण रिकामी ठेव. अर्धी भरलेली असली की वळणावर पाणी एका अंगाला धावतं आणि बोटही त्याच अंगाला झुकते.

पंखा तळाखाली आहे म्हणून हे सांगतोय. आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाची असती तर विषयच बंद केला असता. सर्फर बोटीच्या मागे हाताच्या अंतरावर असतो आणि आउटबोर्डचा पंखा तिथेच उघडा फिरतो. धुराचंही तेच. इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या, पाण्यात उतरायच्या फळीवर कोणी बसायचं नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

आणि पिशवीसाठी बोटीला भोक पाडू नकोस.

सिडकोवाला
नांदूर मध्यमेश्वरला न्या की, पाणीच पाणी 😄

देवळालीचा काका
ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलंय. गंमत म्हणूनही नको.

गोदाकाठचा
अडीच महिन्यांनी येतोय, माफ करा. कागद झाले, गेल्या रविवारी बोट पाण्यात उतरली.

पाटीवर ४८० किलो निघाले. आम्ही तिघं मिळून २३५, त्यातला माझा वाटा विचारू नका. म्हणून २४० लिटरची एकच पिशवी केली आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला डावीकडची लाट लागते, आणि आमच्यात उभा राहू शकणारा एकच आहे, त्याचा डावा पाय पुढे. वेग ताशी १७ किलोमीटर. लाट गुडघ्याच्या वर चार बोटं. मित्र सहा सेकंद दोरी सोडून उभा राहिला, आम्ही दोघं बोटीत नाचलो.

आता फजिती. पिशवी भरली, पंप बंद केला, पाईप पिशवीवरून काढून बोटीच्या तळाच्या फळीखाली टाकला आणि थर्मासमधला चहा काढला. पंप बाहेर पाण्यात तसाच लटकत होता. पाच मिनिटांनी माझ्या चपला तरंगायला लागल्या. पाईपाचं टोक बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली गेलेलं, त्यामुळे बंद पंपातून पाणी आपोआप आत येत होतं. तेलकट, काळं, इंजिनाच्या पायापर्यंत. आता नियम केलाय: आधी पंप पाण्याबाहेर, मग पाईप सुटा, मग चहा.

एक राहिलं. उपसताना पिशवी तोंडाला चिकटते आणि शेवटचे ४० लिटर आतच राहतात. काही उपाय?

पिंपळगावचा पंपवाला
ड्रिपची १६ एमएमची लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, दोन फूट कापा, भोकं पाडा आणि पिशवीच्या तोंडातून आत सारा. बांधावर पडलेली असेलच.